बूम स्क्रूवर की ऑइलवर? पोकलेन मॉडेलवाल्यांचे प्रश्न

रिमोटवर चालणाऱ्या पोकलेन मॉडेलांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा असं म्हटलं होतं, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप इतके आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. नवीन वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. पोकलेन म्हणजे एक्स्कॅव्हेटर, फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीचं नाव आपल्याकडे मशीनलाच चिकटलं आणि आता कुठल्याही कंपनीचं असो, पोकलेनच. मॉडेलमध्ये बूम (मशीनला जोडलेला मोठा हात), आर्म (त्याच्या पुढचा हात) आणि बकेट (टोकाचा खोरा) हलवायच्या दोन पद्धती आहेत. एक स्क्रू ड्राइव्ह, म्हणजे सिलिंडरसारख्या दिसणाऱ्या नळीत छोटी गिअरमोटार, पुढे आट्यांचा रॉड आणि त्यावर सरकणारा पितळी नट. दुसरी हायड्रॉलिक, म्हणजे मॉडेलच्या पोटात खराखुरा पंप, टाकी, व्हॉल्व्ह, आणि सिलिंडरमध्ये ऑइल. जवळजवळ सगळे प्रश्न या दोघांभोवतीच फिरतायत.

प्रश्न : माझ्याकडे १/१४ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढी, मेटलची तयार पोकलेन आहे, स्क्रूवाली. ग्रुपमधले मित्र म्हणतात स्क्रूत दम नसतो, हायड्रॉलिकच घे, पण पैसे बघितले तर कितीतरी पट जास्त. खरंच एवढा फरक असतो का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दम नसतो हे चूक आहे, आणि हे मी आकड्यांनीच दाखवतो कारण या एका गैरसमजापायी लोक चांगली मशीनं विकून टाकतात.

समजा तुमच्या गिअरमोटारचा टॉर्क १ किलो-सेंटीमीटर आहे आणि रॉड एम ५ चा, म्हणजे ५ मिलीमीटर व्यासाचा, ज्याच्या आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, ०.८ मिलीमीटर असतो. १ सेंटीमीटर त्रिज्येवरचं १ किलोचं बळ एका फेऱ्यात ६२.८ मिलीमीटर फिरतं आणि तेवढ्यात नट सरकतो फक्त ०.८ मिलीमीटर, म्हणजे कागदावर ७८ पट जोर मिळाला. साध्या आट्यांत घर्षणच एवढं असतं की त्यातला पाऊण भाग तिथेच जातो, तरी हातात १९-२० किलो उरतात. आता हायड्रॉलिकचं बघा. १० मिलीमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिलीमीटर, प्रेशर २४ बार (बार हे दाबाचं माप) धरलं तर बळ होतं १८८ न्यूटन, म्हणजे तेही १९ किलोच. दोन्ही एकाच जागी आले की नाही?

२४ बार हा आकडा मी उगाच नाही घेतला. खऱ्या २० टनी पोकलेनमध्ये प्रेशर ३४०-३५० बारच्या आसपास असतं. १/१४ मॉडेल केलं की वजन १४ चा घन म्हणजे २७४४ पटीने कमी होतं, २० टनाचं साधारण ७ किलो ३०० ग्रॅम, पण सिलिंडरचं क्षेत्रफळ १४ चा वर्ग म्हणजे १९६ पटीनेच कमी होतं, म्हणून प्रेशर बरोबर १४ पटीने कमी लागतं. ३४३ भागिले १४ म्हणजे साडेचोवीस. मॉडेलचे पंप २०-३० बारच्या पट्ट्यात का चालवतात त्याचं उत्तर या एका भागाकारात आहे, मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. जास्त प्रेशर लावून काही मिळत नाही, होज (ऑइलच्या नळ्या) आणि सील मात्र लवकर जातात.

मग फरक कुठे? एक म्हणजे वेगात, त्याचं पुढच्या उत्तरात सांगतो. आणि दुसरा, माझ्या मते सगळ्यात मोठा, अडकल्यावर काय होतं यात. बकेट दगडाला लागली, पुढे सरकत नाही, तरी तुम्ही रिमोटची स्टिक दाबून धरली. हायड्रॉलिकमध्ये रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, ऑइल परत टाकीत जातं, पंपाचा आवाज जड होतो, तुम्हाला कानानेच कळतं आणि मशीन शाबूत राहतं. स्क्रूला हे माहीतच नसतं. मोटार फिरायला बघते, नट पुढे जायला बघतो, आणि त्या रांगेत जे सगळ्यात कमजोर असेल ते तुटतं, कधी गिअरचा दात, कधी पिन, कधी ईएससी, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट. म्हणून मी विचारतो की तुम्ही काय उचलता? गॅलरीतली वाळू, बारीक खडी, भुसा, नारळाचा कोको पीट असलं सुटं काही असेल तर स्क्रूवालं मशीन ठेवा, वर्षानुवर्षं चालेल. बागेतली घट्ट काळी माती खणायची असेल, मुळं दगड असतील, तर मात्र पैसे साठवायला घ्या.

प्रश्न : मी स्वतः स्क्रू सिलिंडर बनवतोय. एम ५ चा रॉड आणि २०० आरपीएमची छोटी गिअरमोटार लावली. जोर भरपूर आहे पण बूम वर जायला अर्धा मिनिट लागतो, बघणारे कंटाळतात. पिच मोठा घेऊ का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अर्धा मिनिट बरोबरच आहे, २०० गुणिले ०.८ म्हणजे मिनिटाला १६० मिलीमीटर, ८० मिलीमीटरचा स्ट्रोक (रॉड सरकायचं एकूण अंतर) असेल तर ३० सेकंद. खरी पोकलेन तीन-चार सेकंदांत बूम वर घेते, त्यामुळे डोळ्याला ते खोटं वाटणारच. तेवढाच सिलिंडर हायड्रॉलिक असता तर त्याला भरायला सव्वासहा मिलीलीटर ऑइल लागलं असतं आणि मिनिटाला २०० मिलीलीटर देणारा लहानसा पंपसुद्धा ते दोन सेकंदांत देतो. म्हणजे जोर सारखा पण वेग पंधरा पट, आणि जोर गुणिले वेग म्हणजे पॉवर, तर खरा फरक पॉवरचा आहे. पंपाची मोटार मशीनच्या पोटात असते, तिला जागा भरपूर. तुमची मोटार सिलिंडरच्या नळीत बसवायची म्हणून १२ मिलीमीटरची वगैरे घेतली असणार, ती बिचारी देऊन देऊन किती देणार.

पिच मोठा घ्या, पण एका हद्दीपर्यंत. थ्रीडी प्रिंटरमध्ये ८ मिलीमीटर व्यासाचा ट्रॅपेझॉइडल (जाड, तिरप्या बाजूंच्या आट्यांचा) रॉड येतो, त्यात दोन प्रकार सर्रास मिळतात, एका फेऱ्यात २ मिलीमीटर सरकणारा आणि ८ मिलीमीटर सरकणारा. दिसायला जवळपास सारखे, दुकानदारही कधीकधी चुकीचा देतो, म्हणून नट हाताने एक पूर्ण फेरा फिरवून स्केलने मोजून घ्या. ८ वाला घेतलात तर वेग येईल पण बंद मोटारीवर बूम स्वतःच्या वजनाने खाली येईल, कारण आट्याचा उतार २० अंशाच्या आसपास जातो आणि घर्षण त्याला धरून ठेवू शकत नाही. २ वाल्याचा उतार पाच-सव्वापाच अंश, तो पितळी नटात धरून ठेवतो. तर २ वाला घ्या, मोटार ५००-६०० आरपीएमची घ्या, सेकंदाला १७ ते २० मिलीमीटर मिळतील, ८० चा स्ट्रोक चार-पाच सेकंदांत. हे पुरे आहे. फक्त जोर टिकवायचा तर मोटारही तशी मोठी लागेल, १६ किंवा २० मिलीमीटरची, आणि मग सिलिंडर जाड दिसतो, त्यावर उपाय म्हणजे मोटार सिलिंडरच्या रेषेत न ठेवता बूमच्या पोटात लपवायची आणि दोन छोट्या गिअरनी फिरवायची.

नट बाजारातला घेऊ नका. उद्यमनगरचे कारखाने तुमच्या दारात आहेत, लेथवाल्याकडून पितळेचा किंवा गनमेटलचा लांब नट करून घ्या, रॉडच्या व्यासाच्या दीडपट लांबीचा तरी. आखूड नट लवकर खेळ धरतो आणि एकदा प्ले आला की बकेटचं टोक थरथरायला लागतं. अजून एक, रॉडला आडवा भार येऊ देऊ नका, दोन्ही टोकांच्या पिनांत थोडी मोकळीक ठेवा. बुशिंग फार घट्ट केलं तर चौकट जराशी वाकल्यावर सगळा ताण रॉडवर येतो, रॉड एकदा वाकला की तो सरळ करून काही उपयोग नसतो, मी तीनदा करून बघितलाय.

प्रश्न : बूम पूर्ण वर गेल्यावर मोटार नुसती गूं गूं करते, परवा कट्कन आवाज आला आणि आता वर जातच नाही. काय तुटलं असेल आणि परत होऊ नये म्हणून काय करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : बहुतेक गिअरबॉक्समधल्या शेवटच्या गिअरचा दात गेलाय. उघडून बघा. मी अशी एक गिअरबॉक्स उघडली तेव्हा आतलं ग्रीस काळं झालेलं आणि त्यात पितळेचा चुरा मिसळलेला होता, बोटांवर चोळलं की चमचमत होता, आणि शेवटच्या गिअरचे सलग तीन दात मुळापासून गायब. वरून काही कळत नव्हतं, मोटार छान फिरत होती, फक्त तिचं फिरणं पुढे पोचत नव्हतं. असं असेल तर गिअरबॉक्सच बदला.

परत होऊ नये म्हणून लिमिट स्विच लावा, आणि हे सगळ्यांनीच लावा, स्क्रूवाल्या मशीनमध्ये यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी काम दुसरं नाही. दोन छोटे मायक्रोस्विच घ्या, त्यांचं नॉर्मली क्लोज्ड (दाबल्यावरच तुटणारं) टर्मिनल वापरा, दोन्ही मोटारीच्या एकाच वायरमध्ये एकामागे एक सिरीजमध्ये जोडा. प्रत्येक स्विचच्या दोन टोकांवर एक एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका, एकाची दिशा एकीकडे, दुसऱ्याची उलट. बूम वर पोचला की वरचा स्विच दाबला जातो, करंट तुटतो, मोटार थांबते. पण तुम्ही खाली घ्यायची स्टिक दिलीत की करंट उलटा होतो आणि त्याच स्विचवरच्या डायोडमधून वाट काढतो, बूम खाली यायला लागतो, स्विच सुटतो, सगळं पूर्ववत. डायोड उलटा बसला तर मोटार टोकाला थांबणार नाही आणि तिथून उलटीही फिरणार नाही, तसं दिसलं तर स्टिक लगेच सोडा आणि डायोड फिरवून लावा. ३ अँपिअरचा डायोड घ्या, १ अँपिअरवाला मोटार अडखळली की गरम होतो.

स्ट्रोकच्या मध्येच दगड लागला तर लिमिट स्विच काही करू शकत नाही हेही लक्षात ठेवा. त्यासाठी काही जण मोटार आणि रॉडच्या मध्ये स्प्रिंगने दाबलेला सरकता क्लच घालतात, जोर ठरावीक हद्दीबाहेर गेला की तो टकटक करत घसरतो. हा क्लच म्हणजे स्क्रूचा रिलीफ व्हॉल्व्हच. बनवायला जरा कटकट आहे पण जमला तर सोन्याहून पिवळं.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात इंजेक्शनच्या सिरिंजची जेसीबी केली होती, दुसरा नंबर आला. आता त्याला रिमोट लावायचाय. पंप घेण्याइतके पैसे नाहीत. – एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : अरे वा, अभिनंदन! तुला एक मस्त गोष्ट सांगतो, तुझ्या जेसीबीला पंप लागतच नाही. तू अंगठ्याने जी सिरिंज दाबतोस ती स्क्रूने दाब. म्हणजे पुठ्ठ्याच्या किंवा प्लायच्या डब्यात गिअरमोटार, आट्यांचा रॉड, त्यावर नट, आणि नटाला सिरिंजचा दांडा जोडलेला. मोटार एकीकडे फिरली की पाणी पुढे, उलटी फिरली की पाणी मागे. स्क्रू आणि हायड्रॉलिक दोन्ही एकाच खेळण्यात, आणि व्हॉल्व्ह सुद्धा नको. एका हालचालीला एक मोटार, म्हणजे बूम आर्म बकेट मिळून तीन.

दाबायला ५ मिलीलीटरची सिरिंज आणि बूमखाली १० मिलीलीटरची लाव. पास्कलचा नियम तुम्हाला शिकवलाच असेल, दाब सगळीकडे सारखा, म्हणून मोठ्या सिरिंजला जोर जास्त मिळतो पण ती सरकते कमी. तू प्रदर्शनात हेच दोन्ही बाजूंना पट्टी लावून मोजून दाखव, परीक्षकांना आवडेल. पाणी उकळून गार करून भर म्हणजे त्यातली विरघळलेली हवा बरीच जाते, आणि भरताना नळी पाण्याखाली ठेव. एक जरी बुडबुडा राहिला तर मोटार फिरेल आणि बूम आधी जागचा हलणार नाही, मग एकदम उडी मारेल, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. आणि सिरिंज नव्या घे रे, दवाखान्यातल्या वापरलेल्या अजिबात नको.

प्रश्न : मुलाच्या आग्रहाने हायड्रॉलिक पोकलेन घेतली, आम्ही दोघं मिळून चालवतो आणि मलाही आता गोडी लागलीय. पण फ्लॅटमध्ये ऑइलचे डाग पडतात, आणि सकाळी बघावं तर वर ठेवलेला बूम खाली आलेला असतो. ऑइल कमी झालंय म्हणून शेजाऱ्यांनी ब्रेक ऑइल टाकायला सांगितलंय, टाकू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, ब्रेक ऑइल टाकू नका, आधी तेच सांगतो. गाडीचं नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, आणि या सिलिंडरांतल्या ओ-रिंग बहुतेक नायट्राइल रबराच्या असतात, त्या त्यात फुगतात, मऊ होतात आणि मग प्रत्येक जोडातून गळायला लागतं. कंपनीने सांगितलेलं ऑइल वापरा, ते मिळत नसेल तर पातळ हायड्रॉलिक ऑइल, १० ते २२ ग्रेडमधलं. ट्रॅक्टर-जेसीबीत घालतात ते ४६ किंवा ६८ नंबरचं नको, एवढ्या बारीक नळ्यांतून ते पुढे सरकत नाही, पंप उपाशी राहतो आणि मशीन सुस्त होतं. दोन वेगवेगळी ऑइलं मिसळू नका.

बूम रात्रीत खाली येणं हा बिघाड नाही. व्हॉल्व्हच्या आत स्पूल नावाची सळई सरकते किंवा फिरते, तिच्याभोवती अगदी केसाहून बारीक फट ठेवावीच लागते नाहीतर ती हलणारच नाही, आणि त्या फटीतून ऑइल हळूहळू पलीकडे जातं. मोठ्या मशीनचा ऑपरेटरसुद्धा काम संपल्यावर बकेट जमिनीला टेकवूनच उतरतो, तुम्हीही तसंच करा. बारीक आट्यांच्या स्क्रूवाल्यात हा प्रश्न येत नाही, ते जिथे सोडलं तिथेच थांबतं, हा त्याचा फार मोठा गुण आहे आणि शोकेसमध्ये बूम उंच ठेवून मशीन मांडायचं असेल तर तेच बरं. मात्र तुमचा बूम दोन-तीन मिनिटांतच खाली येत असेल तर ती गोष्ट वेगळी, मग आधी सर्व्हो (व्हॉल्व्ह हलवणारी छोटी मोटार) मध्यभागी नीट थांबतोय का बघा, रिमोटच्या सबट्रिमने (मध्य जुळवायच्या सेटिंगने) तो एखाद-दोन अंश सरकवला तरी फरक पडतो. तरीही नाही थांबला तर सिलिंडरचं सील.

डाग कुठून पडतात ते शोधायला मशीन पूर्ण पुसून कोरडं करा, खाली पांढरा कागद घाला, बूम टोकापर्यंत वर घेऊन दोन-चार सेकंदच स्टिक धरा म्हणजे पूर्ण प्रेशर येईल, आणि मग सोडून कागदावर ठिपका कुठे येतो ते बघा. मशीन चालू असताना बोटाने चाचपू नका आणि तोंड जवळ नेऊ नका, मुलाला आणि स्वतःला साधा प्लॅस्टिकचा गॉगल घाला, २५ बारवर सुटलेली होज डोळ्यात ऑइल उडवते. बहुतेक वेळा होजचा जोड जेमतेम पाव फेरा सैल असतो. पाना हलक्या हाताने, पितळी फिटिंगचे आटे एका झटक्यात जातात. ऑइल भरल्यावर प्रत्येक सिलिंडर रिकाम्या बकेटने या टोकापासून त्या टोकापर्यंत सात-आठ वेळा न्या, टाकीत फेस दिसेल, फेस बसू द्या, परत करा. फेस असताना माती उचलायला लावू नका.

वाळूत चालवत असाल तर रॉड दर वेळी पुसा. चकचकीत रॉडवर एक वाळूचा कण चिकटून आत गेला की सीलला चर पडतो आणि तिथून पुढे रोज थेंब.

प्रश्न : मी श्टुटगार्टला असतो. फ्रीडरिक्सहाफेनच्या मॉडेल प्रदर्शनात बघितलं, मातीच्या मोठ्या ट्रॅकवर हायड्रॉलिक पोकलेन, डंपर, लोडर तासन्‌तास काम करत होते. स्क्रूवाली मशीनं तिथे मुलांच्या कोपऱ्यात. स्क्रू म्हणजे खेळणंच का शेवटी? आणि भावासाठी पुण्याला एक आणायचं असेल तर? – एक वाचक, जर्मनी

उत्तर : खेळणं मुळीच नाही. जानेवारी २०२२ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात बॉबकॅट कंपनीने टी ७ एक्स नावाचा, चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारा लोडर दाखवला, खरा, माणूस बसून चालवायचा, आणि त्यात हायड्रॉलिक सिस्टिमच नाही. उचलायला इलेक्ट्रिक सिलिंडर आहेत, त्यांत मोटार आणि बॉल स्क्रू, ते मूग कंपनीबरोबर केलेले. बॉल स्क्रूमध्ये नट आणि रॉडच्या मध्ये गोळ्या लोळतात म्हणून दिलेल्या पॉवरपैकी ९०-९५ टक्के कामाला येते, साध्या आट्यांतल्या २५-३० टक्क्यांशी तुलना करून बघा. म्हणजे मॉडेलवाले जे घरात करत होते त्याच वाटेने मोठी मशीनं चाललीयत. आम्हा लोकांना याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

तरी तुम्ही बघितलं ते तसं का होतं हेही खरंच आहे. तिथले लोक मशीन तासन्‌तास ओल्या मातीत चालवतात, दिवसभरात हजारो वेळा बकेट भरते, त्या कामाला हायड्रॉलिकच टिकतं. प्लॅस्टिकच्या हलक्या १/१६ मशीनमध्ये मात्र तिथेही लोक आवडीने स्क्रू घालतात, कारण हायड्रॉलिकचं वजन त्या बॉडीला पेलत नाही.

आणायचं तर ऑइल पूर्ण काढून, होजची तोंडं बंद करून आणा. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी चेक-इन बॅगेत टाकायची नाही, सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच, टर्मिनलला टेप लावून, आणि १०० वॉट-अवरच्या आतल्या. ११.१ व्होल्ट ५००० एमएएचची बॅटरी साडेपंचावन्न वॉट-अवर भरते, ती चालते. कस्टमचे चालू नियम विमानाचं तिकीट काढण्याआधी बघून ठेवा आणि बिल जवळ ठेवा. इथे दुकानांत ही मशीनं इतकी महाग का, तर खेळणी आणि मॉडेलं एकाच गटात येतात आणि त्यावरची बेसिक ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०.

प्रश्न : मी अकरा वर्षं पोकलेन चालवतो, साइटवर. आता पोरासाठी १/१४ ची हायड्रॉलिक मॉडेल घेतली. पण बूम आणि आर्म एकत्र दिले की बूम जागेवरच थांबतो, आर्म तेवढा पळतो. खऱ्या मशीनला असं होत नाही. मॉडेल खराब आहे का? – एक ऑपरेटर, परभणी

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न ज्याचे हात खऱ्या लिव्हरवर बसलेत त्यालाच पडतो. मॉडेल खराब नाही. ऑइल नेहमी जिकडे अडथळा कमी तिकडे पळतं. बूमवर सगळं वजन, आर्म खाली सोडताना हलका, म्हणून सगळं ऑइल आर्मकडे जातं. तुमच्या साइटवरच्या मशीनमध्ये दोन मोठे पंप असतात आणि मेन व्हॉल्व्हमध्ये वाटणीची सोय असते, बूमला आधी द्यायचं, आर्मला जरा आवरायचं वगैरे, म्हणून तुम्हाला ते कधी जाणवलंच नाही. मॉडेलमध्ये एकच पंप आणि साधा व्हॉल्व्ह. स्क्रूवाल्यात उलट हा त्रास अजिबात नाही, प्रत्येक सिलिंडरची स्वतःची मोटार, तिन्ही हालचाली एकदम द्या, कोणी कोणाचं खात नाही.

करायचं काय ते सांगतो. रिमोटमध्ये मिक्सिंग असतं, कुठलीही स्टिक हलली की पंपाची मोटार वेग घेते. त्यात बूमच्या स्टिकला पंप जास्त द्या, बकेटला कमी, आणि दोन स्टिक एकत्र आल्या की बेरीज होऊ द्या. मग आर्मच्या सर्व्होची धाव (तो किती हलतो ते) कमी करा, १०० टक्क्यांवरून ६०-७० वर आणा, म्हणजे आर्मचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडणारच नाही आणि बूमसाठी ऑइल उरेल. बूम खाली येण्याच्या बाजूलाही धाव कमी ठेवा, नाहीतर वजनाने धाडकन येतो आणि मागून सिलिंडरमध्ये पोकळी होऊन हवा ओढतो. ट्रॅक आणि स्विंग बघा, बहुतेक मॉडेलांत ते ऑइलवर नसून साध्या मोटारीवर असतात, त्यामुळे बूम वर घेता घेता स्विंग दिला तर बूम मंदावत नाही, डंपर भरताना हे तुम्हाला आवडेल.

अजून एक, मॉडेल बॉक्समधून काढल्यावर स्टिकांची मांडणी कशीही असू शकते. रिमोटच्या सेटिंगमध्ये चॅनल बदलून डाव्या हाताला स्विंग आणि आर्म, उजव्या हाताला बूम आणि बकेट करून घ्या, आपल्याकडे जवळपास सगळ्या मशीनला असतं तसंच. आणि पोराला शिकवताना त्यालाही तीच मांडणी द्या, पहिले दोन-तीन दिवस रिकाम्या बकेटने नुसतं सपाट ओढायला लावा, बकेटचे दात जमिनीपासून बोटभर वर, बूम वर आणि आर्म आत एकाच वेळी, तुम्ही लेव्हल मारता तसं.